बाहेरून येणाऱ्यांसाठी देशाने किती कडक असावं?

प्रवासी_मन (धागालेखक)

गेले काही महिने प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच विषय चाललाय. तिथे चार ओळींत भांडण होतं, कोणीतरी ग्रुप सोडतं आणि विषय तिथेच राहतो. इथे जरा सविस्तर बोलता येईल म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणत्याही देशाने दरवर्षी किती लोक घ्यायचे, कुठल्या कामासाठी घ्यायचे, अगदी घ्यायचेच नाहीत, हे ठरवायचा पूर्ण हक्क त्या देशाच्या नागरिकांना आहे. यात मला काही अन्याय दिसत नाही. जीव वाचवायला पळून येणारे वेगळे, त्यांच्याबद्दल वेगळं बोलू. पण एकदा तुम्ही माणसाला रीतसर आत घेतलंत, त्याच्याकडून काम करून घेतलंत, टॅक्स घेतलात, की मग "तू इथला की नाही" हे सांगायला पंधरा-वीस वर्षं लावायची, याला मी कडक धोरण म्हणत नाही. हे नुसतं टांगून ठेवणं आहे.

अमेरिकेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे तरी सांगतो. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि त्यात नवरा/बायको, मुलं सगळी धरतात. शिवाय कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे भारतासारख्या देशाला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला मर्यादा एकच. माझा एक जवळचा मित्र दर महिन्याला अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन आलं की आधी आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख, बघतो. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी चक्क मागे जाते. त्याची मुलगी तिथे लहानपणापासून वाढली. २१ पूर्ण झाली की ती वडिलांच्या अर्जातून बाहेर पडणार, मग तिने स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढायचा, जिथे तिची सगळी शाळा झाली त्याच देशात.

तर प्रश्न दोन. तुमच्या मते "कडक" म्हणजे नेमकं काय कडक असावं? आणि आपण बाहेर जाताना जे मत असतं तेच मत आपल्या देशात येणाऱ्यांबद्दलही असतं का?

---

रोखठोक

साधी गोष्ट आहे. आपल्या घरात कोणाला घ्यायचं हे आपणच ठरवतो ना? पाहुणा किती दिवस राहणार हेही आपणच ठरवतो. देशाचंही तेच. ज्याला वीस वर्षं थांबायला नको वाटतं त्याने परत यावं, कोणी साखळदंड बांधलेत का? जाताना माहीतच होतं की एच-१बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) तात्पुरता आहे.

---

सायली_क

रोखठोक, घराचं उदाहरण या विषयावर प्रत्येक वेळी येतं आणि दर वेळी मला ते पटत नाही. घरात सगळ्यांचं हित साधारण एकच असतं. देशात तसं असतं का? शेतमालकाला तोडणीला माणसं हवी असतात, हॉस्पिटलला नर्स हव्या असतात, त्याच गावात भाड्याने राहणाऱ्याला भाडं वाढायला नको असतं आणि बांधकामावरच्या स्थानिक मजुराला रोज कमी व्हायला नको असतो. म्हणजे एका "घरात" चार जण म्हणतायत या या, आणि दोघं म्हणतायत नको. मग "घराने ठरवलं" म्हणजे कोणी ठरवलं? बहुतेक वेळा ज्याचं वजन जास्त त्याने. आणि तात्पुरत्या व्हिसाचं म्हणाल तर एच-१बीवर राहून ग्रीन कार्डचा अर्ज करायला कायद्यानेच परवानगी दिली आहे. सहा वर्षांनंतर मुदतवाढही त्याच अर्जाच्या जोरावर मिळते. सरकारनेच तसं सांगितलंय, मग माणसाने आशा धरली तर त्याला दोष कसा द्यायचा?

---

मुक्त_वाचक

+१ सायली. वाचतोय.

---

कावेरी_टोरांटो

मी कॅनडात आहे आणि इथे जे झालंय ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते. हा देश इमिग्रेशनच्या बाबतीत जगात सगळ्यात उदार समजला जायचा, १९६७ पासून पॉइंट सिस्टिम आहे, शिक्षण, भाषा, वय, अनुभव याचे गुण, तुम्ही कुठल्या वंशाचे याला गुण नाहीत. लोकांचा पाठिंबाही भक्कम होता. मग कोविडनंतर विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार इतक्या वेगाने वाढले की घरं पुरेनात. मी आले तेव्हा ज्या बेसमेंटमध्ये राहत होते तिथे आम्ही दोघी होतो. आता त्याच बेसमेंटमध्ये प्रत्येक खोलीत दोन-तीन मुलं आहेत, हॉलमध्ये पडदा लावून आणखी एक गादी, आणि स्वयंपाकघर वापरायला वेळ वाटून घेतलेली. काही मुलं अशा कॉलेजात नाव घातलेली की ते कॉलेज म्हणजे एका इमारतीतला एक मजला.

परिणाम काय झाला? एन्व्हायरॉनिक्स या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले की इमिग्रेशन जास्त होतंय. एक वर्ष आधी हाच आकडा ४४ होता. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, ऑक्टोबरमध्ये पीआरचं (कायम राहायच्या परवानगीचं) २०२५ चं लक्ष्य ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. आणि हे "आता बास" म्हणणाऱ्यांत आपले पीआर झालेले, सिटिझन झालेले लोक भरपूर आहेत हो. माझ्या ओळखीतले कितीतरी. त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही, कारण त्यांच्या पोरांना घर मिळत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की सरकारने घरं, दवाखाने, बस यांचा हिशोब न करता माणसं आणली, आणि राग मात्र त्या विद्यार्थ्यावर निघाला ज्याने सगळे नियम पाळले होते.

---

रोखठोक

कावेरीताई, म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की. आधीच कडक राहिले असते तर ही वेळ आली नसती.

---

कावेरी_टोरांटो

@रोखठोक, आधीच मोजून घेतले असते तर, असं म्हणा. कॉलेजांना परदेशी फी हवी होती, दुकानदारांना स्वस्त कामगार हवे होते, प्रांतिक सरकारं कॉलेजांचं अनुदान वाढवत नव्हती. दारावरचा माणूस झोपला होता असं नाही, त्याला सांगितलं होतं सोड सगळ्यांना म्हणून.

---

अर्थवेडा

मजुरीवर काय परिणाम होतो यावर इथे नेहमी छातीठोक विधानं होतात म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

१९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात आले. त्यातले निम्मे मायामीत राहिले आणि तिथली कामगारांची संख्या एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. असा धक्का प्रयोगशाळेत देता येत नाही म्हणून अर्थशास्त्रज्ञांना हे प्रकरण फार आवडतं. डेव्हिड कार्डने १९९० मध्ये मायामीची तुलना तशाच दुसऱ्या शहरांशी केली आणि स्थानिकांच्या मजुरीवर, बेकारीवर जवळजवळ काही परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यात या प्रकारच्या कामाचाही वाटा आहे.

मग जॉर्ज बोर्हास, जो स्वतः लहानपणी क्यूबातून आलेला, त्याने तोच डेटा पुन्हा उघडला आणि म्हणाला की सरासरी बघू नका, शाळा अर्धवट सोडलेले पुरुष कामगार बघा, कारण नवे आलेले बहुतेक त्यांच्याच कामात शिरले. त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली असं त्याचं उत्तर. त्यावर बाकीच्यांनी आक्षेप घेतला की तुझा नमुना फारच लहान आहे आणि त्याच काळात पाहणीत कोणते लोक धरले जातात हेही बदललं. वाद अजून चालू आहे.

उलटा प्रयोगही झालाय. अमेरिकेत १९४२ पासून ब्रासेरो नावाची योजना होती, मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर यायचे. १९६४ मध्ये ती बंद केली, हेतू हाच की स्थानिक मजुरांची मजुरी वाढावी. नंतरच्या अभ्यासात दिसलं की मजुरी काही खास वाढली नाही. शेतमालकांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली, किंवा यंत्राने न होणारी पिकं कमी केली.

म्हणजे "येणारे आपली नोकरी खातात" हेही सरसकट खरं नाही आणि "कोणाचंच नुकसान होत नाही" हेही नाही. ज्याचं नुकसान होण्याची शक्यता जास्त तो सहसा सगळ्यात कमी शिकलेला आणि सगळ्यात कमी बोलणारा असतो. आपण सुशिक्षित लोक मोकळेपणाने "येऊ द्या" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

---

सायली_क

अर्थवेडा, सुंदर प्रतिसाद. शेवटचा परिच्छेद मला पूर्ण मान्य.

---

टिवल्या_बावल्या

आत्तापर्यंतची स्थिती: रोखठोकांनी सायलीताईंच्या मुद्द्याला प्रवेश नाकारला आहे, सायलीताई अपिलात गेल्या आहेत, कावेरीताई साक्षीदार म्हणून आल्या आणि दोन्ही पक्षांनी त्यांना आपलंच म्हटलं. पुढची तारीख? :)

---

इतिहासप्रेमी

कडक या शब्दामागे काय काय लपतं ते बघायचं असेल तर जुने कायदे वाचा. १९१४ साली कोमागाटा मारू जहाज ३७६ जणांना घेऊन व्हँकुव्हरला पोचलं, बहुतेक पंजाबी शीख. तेव्हा नियम काय होता? तुम्ही मायदेशातून थेट, मध्ये न थांबता प्रवास करून आलेले असायला हवं. कागदावर किती निरुपद्रवी वाटतो! पण भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवाच उपलब्ध नव्हती. दोन महिने जहाज बंदरात उभं, फक्त दोन डझन लोकांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत पाठवलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

ऑस्ट्रेलियात १९०१ च्या कायद्यात श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, तुम्ही लिहायचा. भाषा कुठलीही युरोपीय, आणि ती निवडणार अधिकारी. नको असलेला माणूस इंग्रजी जाणत असेल तर दुसरी भाषा. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा पत्रकार आला, हिटलरविरोधी, त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या म्हणून शेवटी स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा घेतली. अर्थात नापास. मग प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने ठरवलं की या कायद्यापुरती ती युरोपीय भाषा नव्हेच! ही गोऱ्यांपुरती ऑस्ट्रेलिया ठेवायची पद्धत पूर्ण संपायला १९७३ उजाडलं.

मला कडक नियम चालतात. पण नियमात जे लिहिलंय तेच त्याचं कारण असलं पाहिजे. अमुक लोक नकोत हे मनात ठेवून "थेट प्रवास" नाहीतर "भाषा चाचणी" लिहायचं हे मला घाणेरडं वाटतं, आणि आजही कुठल्याही देशाचा नवीन नियम आला की मी आधी हेच बघतो की हा खरा कोणावर पडणार आहे.

---

रोखठोक

इतिहासप्रेमी, शंभर वर्षांपूर्वीचं ठीक आहे. तो वंशवाद होता, कोण नाही म्हणतंय. पण आज डेन्मार्क बघा. तिथे डाव्या बाजूच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्वतःच कडक धोरण घेतलं. २०१५ मध्ये इमिग्रेशनविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीला २१ टक्के मतं होती, २०१९ ला ९ टक्क्यांच्या आत आली. लोकांची काळजी मधल्या पक्षांनी ऐकली की टोकाचे पक्ष आपोआप आटतात. जिथे पुढारी म्हणतात "तुम्ही काळजी करता म्हणजे तुम्ही वंशवादी" तिथेच टोकाचे पक्ष फुगतात. लोकांना रागाने बोलायला लावायचं आणि मग त्यांच्या रागावर लेख लिहायचे, हे बंद करा.

---

मीनल_देस

रोखठोक यांच्याशी माझं क्वचित जमतं पण हा मुद्दा योग्य आहे. मात्र त्याच डेन्मार्कने २०१६ मध्ये आश्रय मागणाऱ्यांकडची ठराविक रकमेवरची मौल्यवान वस्तू जप्त करायचा कायदा केला होता हेही सांगा. लग्नाच्या अंगठ्यांवरून जगभर ओरड झाली म्हणून भावनिक मूल्याच्या वस्तू वगळल्या. कुठेतरी थांबायला हवं ना.

---

आकडेबहाद्दर

लोकमत लोकमत सगळे म्हणतायत तर ते किती हलतं ते बघा. गॅलपच्या पाहणीत २०२४ मध्ये ५५ टक्के अमेरिकन म्हणाले इमिग्रेशन कमी करा. २०२५ मध्ये तोच प्रश्न, तसंच उत्तर देणारे ३० टक्के. एका वर्षात! मधल्या काळात सरकार बदललं, सीमेवरून येणाऱ्यांची संख्या कोसळली आणि धरपकडीचे व्हिडिओ घरोघरी दिसायला लागले. म्हणजे लोकांना सीमेवरची बेशिस्तही नको होती आणि शेजारच्याला गाडीत कोंबून नेलेलंही नको होतं.

दुसरं, किती लोक बाहेरचे आहेत याचा अंदाजच लोकांचा चुकतो. अलेसिना, मियानो आणि स्टॅन्चेवा यांनी सहा देशांत विचारलं. अमेरिकेत कायदेशीर आलेल्यांचं खरं प्रमाण १० टक्के, लोकांचा सरासरी अंदाज ३६! बाकीच्या देशांतही असाच फुगवटा.

आणि स्वित्झर्लंड. २०१४ च्या सार्वमतात मर्यादा घालण्याच्या बाजूने ५०.३ टक्के. झुरिक, जिनिव्हासारख्या परदेशी लोकांनी भरलेल्या शहरांनी नको म्हटलं, आणि ग्रामीण भागात, जिथे परदेशी कमी, तिथे जास्त होकार.

---

रोखठोक

तिथल्या तिचिनो प्रांतात तर दोन तृतीयांशाहून जास्त होकार होता, आणि तिथे इटलीतून रोज येणारे कामगार भरपूर आहेत. ते पण लिहा की.

---

आकडेबहाद्दर

बरोबर आहे. तिचिनोत रोजच्या मजुरीशी थेट संबंध होता. अर्थवेडांच्या मुद्द्याशी जुळतंय ते.

---

दुबईकर_दादा

तुम्ही सगळे पश्चिमेकडे बघताय, जरा आखाताकडे पण बघा. यूएईत दहातले जवळजवळ नऊ जण परदेशी आहेत. कडक की सैल? दोन्ही. येऊ देण्यात सैल, ठेवण्यात कडक. तिशी-चाळिशी इथे काढली तरी नागरिकत्व नाही, नोकरी गेली की व्हिसा गेला. पण एक सांगतो, इथे कोणी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की एक दिवस परत जायचंय, त्यामुळे माणूस तसा हिशोब करतो, घर गावी बांधतो.

मात्र कफाला पद्धतीने, म्हणजे व्हिसा मालकाच्या हातात, साध्या कामगाराचे हाल मी जवळून पाहिलेत. माझ्या मावसभावाचा पासपोर्ट त्याच्या मालकाने कपाटात ठेवला होता, कायद्याने तसं करता येत नाही तरी. वडील गेले तेव्हा तो पासपोर्ट मिळवायला त्याला किती जणांच्या पाया पडावं लागलं ते आठवलं की अजून चीड येते. अंत्यविधीला पोचला नाही तो. कतारने २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली, हे फार मोठं पाऊल होतं.

तर माझं उत्तर: किती वर्षं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण माणूस एका मालकाला बांधून ठेवू नका. मालक बदलता आला की निम्मे अत्याचार आपोआप थांबतात.

---

सायली_क

दादा, वाचून वाईट वाटलं. आणि मुद्दा शंभर टक्के पटला. एच-१बीवाल्यालाही नोकरी गेली की ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नवा मालक शोधा नाहीतर निघा. पगारवाढ मागायची हिंमत कुठून येणार? आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या स्थानिक माणसाचंही यात नुकसानच आहे, कारण घाबरलेला सहकारी सगळ्यांचाच पगार दाबून ठेवतो. स्थानिकांचं हित म्हणून कडक राहायचं असेल तर आधी ही गाठ सोडा.

---

प्रवासी_मन

दुबईकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खोटी आशा न दाखवण्याचा मुद्दा माझ्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. पण ज्याचं मूल तिथेच जन्मलं, तिथलीच शाळा, त्या मुलाला "आपण तात्पुरते आहोत" हे कसं समजावायचं?

जर्मनीत हेच झालं. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, कल्पना अशी की दोन वर्षांनी हे जातील आणि नवे येतील. कारखानदार म्हणाले शिकवून तयार केलेला माणूस परत कशाला पाठवायचा, म्हणून १९६४ मध्ये ती अट काढली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि भरती एकदम बंद. आता गंमत अशी की भरती बंद झाल्यावर लोक परत गेले नाहीत, उलट राहिले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं, कारण एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही ही भीती. कडक नियमानेच त्यांना कायमचं तिथलं केलं. आणि पुढची कितीतरी वर्षं जर्मनी म्हणत राहिली की आम्ही इमिग्रेशनचा देश नाही, त्यामुळे भाषा शिकवणं, नागरिकत्व देणं सगळं रखडलं.

---

भूमिपुत्र_१

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळत नाहीये. आपल्या देशाचं काय? बाहेर जाताना आपल्याला मोकळी दारं हवीत आणि इथे कोणी आला की लगेच घुसखोर. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले आणि देशाने त्यांना पोसलं, आपण तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होतो. दुसऱ्या बाजूने आसामच्या लोकांची भीती मला खोटी वाटत नाही, आपली भाषा, जमीन हातातून जाईल ही भीती होती, सहा वर्षं आंदोलन चाललं आणि १९८५ मध्ये करार झाला. पण मग ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या एनआरसीची, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीची, अंतिम यादी आली, त्यातून १९ लाखांहून जास्त लोक बाहेर. त्यात एकाच घरातला भाऊ आत, बहीण बाहेर अशी प्रकरणं. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर वेगळं, म्हणून. आणि त्यानंतर पुढे काय, हे लोक अजून अधांतरीच.

---

रोखठोक

भूमिपुत्र, मग काय करायचं? सीमेवरून कोणीही यावं? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे आपल्यावर तसं बंधन नाही.

---

भूमिपुत्र_१

कोणीही यावं असं मी म्हटलंच नाही. सही नाही म्हणूनच तर जास्त गोंधळ. निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे कुठल्या गटाला राहू द्यायचं ते त्या त्या वेळचं सरकार ठरवतं. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरी. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा आला, १९४६ चा जुना गेला, पण निर्वासित कोण हे त्यातही ठरवलेलं नाही. कडक हवं तर कडक करा, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजा.

---

गावाकडचा

हाच वाद देशातल्या देशात परप्रांतीयांवरून पण होतो की.

---

मीनल_देस

@गावाकडचा, तो विषय इथे आणलात तर धागा रात्रीतून दोनशेवर जाईल. देशांतर्गत फिरायचा, राहायचा हक्क कलम १९ ने दिलाय, तो प्रश्न वेगळा. वेगळा धागा काढा, मी येते तिकडे भांडायला.

---

लंडनवासी

थोडं यूकेबद्दल. २०१६ ला ५२ टक्क्यांनी ब्रेक्झिटला मत दिलं, मोठं कारण इमिग्रेशनवर ताबा. आणि झालं काय, युरोपातून येणारे घटले पण बाकी जगातून इतके आले की २०२३ मध्ये निव्वळ आकडा ९ लाखांवर गेला, आधी कधीच नव्हता एवढा. वृद्धांची काळजी घ्यायला माणसं मिळत नव्हती म्हणून २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा दिला, मग आकडे बघून सगळे दचकले आणि मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब आणायची बंदी.

मी ज्या केअर होममध्ये काम करते तिथे माझ्याबरोबरची एक जण रात्रपाळीत दुसऱ्याच्या आजीला भरवते, कूस बदलते, औषधं देते, आणि ब्रेकमध्ये फोनवर स्वतःच्या चार वर्षांच्या मुलाला अंगाई म्हणते, तिथे तेव्हा सकाळ असते तरी. नियम आला त्यानंतर ती आली, नियम माहीत होता, कोणी फसवलं नाही. रोखठोक म्हणतील मग तक्रार कशाला. ती तक्रार करतही नाही, मी करतेय. ज्या देशाला आपल्या म्हाताऱ्यांसाठी ही बाई हवी आहे त्या देशाने तिला मूल आणू द्यावं. नको असेल तर बाईलाही बोलावू नका आणि स्थानिकांना त्या कामाचा नीट पगार द्या. मधलं काही मला मान्य नाही.

---

रोखठोक

@लंडनवासी, शेवटून दुसरं वाक्य मी कधीपासून म्हणतोय! पगार वाढवा, स्थानिक लोक काम करतील. बाहेरून स्वस्त माणूस आणायची सोय असली की कोणी पगार वाढवत नाही.

---

अर्थवेडा

काही कामांत वाढवतील, काही कामांत टोमॅटोसारखं होईल. पण म्हाताऱ्या माणसाची कूस बदलायचं यंत्र अजून निघालं नाहीये. जपानने कित्येक दशकं दार जवळपास बंद ठेवलं, लोकसंख्या घटायला लागली, शेवटी २०१९ मध्ये नर्सिंग केअर, शेती, बांधकाम वगैरेंसाठी वेगळा व्हिसा काढावाच लागला.

---

इतिहासप्रेमी

जाता जाता एक. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा ब्रिटनमधल्या लेस्टर शहराच्या पालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरलेत, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका. तरी हजारो लोक तिथेच गेले. बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या त्या शहरात त्यांनी धंदे उभे केले, आणि नंतर त्याच पालिकेला त्यांचा अभिमान वाटायला लागला. म्हणजे जागा संपली हे म्हणणाऱ्यांचं त्या दिवशी खोटं नव्हतं, पण पुढची वीस वर्षं त्यांना दिसत नव्हती.

---

कावेरी_टोरांटो

म्हणून मी विद्यार्थ्यांवर राग धरत नाही. पण इतिहासप्रेमी, वीस वर्षांनी चांगलं होईल हे आज भाडं भरणाऱ्याला सांगता येत नाही हो.

---

प्रवासी_मन

छान चर्चा झाली, आता मूळ प्रश्नावर येतो. सगळ्यांचं वाचून माझ्या मागण्या मांडतो. वर्षाला किती घ्यायचे तो आकडा संसदेने जाहीर ठरवावा, घरं आणि दवाखाने बघून. व्हिसा मालकाच्या नावावर नको. कायम राहायच्या अर्जावर ठराविक मुदतीत उत्तर, समजा पाच वर्षं, आणि मुदत संपली तर होकार धरायचा. तिथे वाढलेल्या मुलाचं वय अर्ज केला त्या दिवशीचं धरायचं, म्हणजे सरकारच्या उशिराची शिक्षा त्याला नाही.

रोखठोक, यातलं काय नामंजूर?

---

रोखठोक

पहिलं मान्य. दुसरं, दुबईकर दादांचं वाचल्यावर मान्य. मुदतीचं मान्य आहे, पण मग नकारही मुदतीतच आणि नकार आला की निघायचं. "आता एवढी वर्षं राहिलो" हे कारण चालणार नाही. तुम्हाला ते मान्य आहे का? कारण बहुतेक वेळा तुमच्या बाजूचे लोक इथेच गळतात. १९८६ मध्ये अमेरिकेने सुमारे २७ लाख बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर केलं आणि बदल्यात सांगितलं की यापुढे अशांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई होईल. पहिलं झालं, दुसरं नावापुरतं झालं. म्हणून आमचा विश्वास उडालाय.

---

प्रवासी_मन

मान्य. एक अपील, त्यालाही मुदत, आणि नंतर नकार म्हणजे नकार. तुमचा १९८६ चा मुद्दा योग्य आहे, मालकांवरची कारवाई आधी व्हायला हवी.

---

सायली_क

मला मान्य नाही पूर्ण :) दहाव्या वर्षी आलेली मुलगी पंधराव्या वर्षी नकार ऐकेल, तिने कुठे जायचं? मोठ्यांना नकार द्या, पण शाळेत असलेल्या मुलांना शाळा पूर्ण होईपर्यंत तरी राहू द्या, पालकांसकट.

---

रोखठोक

शाळा पूर्ण होईपर्यंत ठीक. त्यानंतर नाही.

---

सायली_क

त्यानंतरचं उद्या. आत्ता झोपते.